हवाईत लुआऊ निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लुआऊ म्हणजे नेमके काय? पर्यटकांना दाखवतात तो खरा असतो का?

लुआऊ म्हणजे हवाई बेटांवरची मोठी मेजवानी. जमिनीतल्या भट्टीत शिजवलेले अन्न, गाणी, हुला नृत्य आणि सगळ्यांनी एकत्र बसून जेवणे. हे एकत्र बसणे हवाईत फार जुने नाही. १८१९ पर्यंत तिथे ‘कापू’ नावाचे कडक निर्बंध होते. पुरुष आणि स्त्रिया वेगळे जेवत, आणि डुकराचे मांस, नारळ व बहुतेक जातींची केळी स्त्रियांना वर्ज्य होती. त्या वर्षी राजा लिहोलिहो, म्हणजे दुसरा कामेहामेहा, आई केओपुओलानी आणि सहराज्यकर्ती काआहुमानू यांच्या प्रभावाखाली स्त्रियांच्या पंक्तीला जाऊन जेवला आणि ती व्यवस्था मोडली. आजच्या लुआऊमागे हा इतिहास आहे.

हवाईयन कुटुंबे आजही लग्नात, पदवी मिळाल्यावर आणि विशेषतः बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला लुआऊ करतात. एकोणिसाव्या शतकात बाहेरून आलेल्या साथींनी इतकी मुले दगावली की वर्ष पूर्ण करणे ही मोठी गोष्ट ठरली. अशा घरगुती लुआऊला आमंत्रण मिळाले तर दुसरा विचार करू नका. तिकीट काढून जातो तो लुआऊ पाहुण्यांसाठी बसवलेला कार्यक्रम असतो. म्हणून तो खोटा ठरत नाही. नाचणारे बरेचदा हुलाच्या गुरुकुलात, म्हणजे ‘हालाऊ’त, वर्षानुवर्षे शिकलेले असतात. फरक पडतो तो आयोजकांनी अन्न, हुला आणि गोष्ट किती गांभीर्याने घेतली आहे यामुळे, आणि तो तिकीट काढण्याआधीच ओळखता येतो.

कोणत्या बेटावरचा लुआऊ सर्वांत चांगला?

ज्या बेटावर मुक्काम आहे, तिथला. केवळ लुआऊसाठी बेटांदरम्यान विमानप्रवास करू नये. मात्र त्याच बेटावर गाडीला किती वेळ लागेल याचा हिशेब आधी करा, कारण संध्याकाळ बिघडते ती बहुतेक वेळा रस्त्यावरच.

ओआहूवर पर्याय सर्वाधिक आहेत. वाईकीकीत राहात असाल तर तिथल्या मोठ्या हॉटेलांतला लुआऊ चालत जाण्याच्या अंतरावर असतो, पण जागा आटोपशीर आणि आजूबाजूला शहर. पश्चिमेकडच्या को ओलीना भागात समुद्रकिनारा मोकळा मिळतो. अंतर चाळीसेक किलोमीटरच आहे, पण दुपारी तीननंतर त्या दिशेचा महामार्ग तुंबतो आणि पाऊण तासाच्या रस्त्याला दीड तास लागू शकतो. अशा ठिकाणी आयोजकांची बस घेणे शहाणपणाचे. उत्तर-पूर्वेला लाईए गावात १९६३ मध्ये सुरू झालेले पॉलिनेशियन कल्चरल सेंटर आहे. तिथे हवाई, सामोआ, टोंगा, ताहिती, फिजी आणि आओतेआरोआ, म्हणजे न्यूझीलंड, यांची स्वतंत्र गावे उभारली आहेत. नीट पाहायचे तर दुपारपासून रात्रीपर्यंतचा वेळ काढावा लागतो. ही संस्था मॉर्मन चर्चची असल्यामुळे तिथे मद्य मिळत नाही आणि रविवारी ती बंद असते.

माऊईवर लाहाईनातला ‘ओल्ड लाहाईना लुआऊ’ १९८६ पासून चालू आहे. केवळ हवाईयन परंपरेला धरून राहणारा कार्यक्रम हवा असेल तर पहिले नाव याचेच घ्यावे लागेल. ऑगस्ट २०२३ च्या आगीत लाहाईना गाव बेचिराख झाले, पण ही जागा वाचली आणि मार्च २०२४ मध्ये कार्यक्रम पुन्हा सुरू झाला. तिथे जाताना जळलेल्या वस्तीचे फोटो काढत फिरू नका. लोकांची घरे आणि माणसे तिथे गेली आहेत. वाइलेआ भागात राहणाऱ्यांना लाहाईना गाठायला तासभर लागतो. रस्ता मुख्यतः एकच आहे, आणि अपघात किंवा वणव्यामुळे तो बंद झाला की दुसरा सोयीचा मार्ग नाही. अशा दिवशी वाइलेआतल्याच हॉटेलचा लुआऊ बरा.

काउआईवर वाईलुआ इथे स्मिथ कुटुंबाच्या तीस एकरांच्या बागेत लुआऊ होतो. आधी बाग पाहायला मिळते, म्हणून मुले आणि वयस्कर मंडळी बरोबर असतील तर ही जागा सोयीची. लिहुएजवळच्या किलोहाना इस्टेटवरचा ‘लुआऊ कालामाकू’ नाटकाच्या अंगाने जातो. रंगमंच मधोमध, आणि ताहितीहून काउआईला झालेल्या समुद्रप्रवासाची गोष्ट.

बिग आयलंडवर बहुतेक लुआऊ कोना आणि कोहाला या पश्चिम किनाऱ्यावर आहेत. हिलोत मुक्काम असेल तर रात्री दोन तास गाडी चालवून परतावे लागेल. त्या दिवसापुरता मुक्काम कोनाला हलवा. कोनातली कामाकाहोनू ही छोटी खाडी पहिल्या कामेहामेहाच्या अखेरच्या निवासाची जागा. १८१९ ची ती पंगतही इथेच कैलुआत बसली होती. मोलोकाई आणि लानाई बेटांवर नियमित मोठा लुआऊ मिळेल असे धरून चालू नका.

जाहिरातीत सगळेच ‘पारंपरिक’ म्हणतात. फरक कसा ओळखायचा?

कार्यक्रमाचे वर्णन नीट वाचा. दोन प्रकार दिसतील: केवळ हवाईयन, किंवा प्रशांत महासागरातल्या पॉलिनेशिया या भागातल्या अनेक बेटांचा एकत्र. दुसरा प्रकार वाईट नाही, पण त्यात पाहिलेले सगळे हवाईचे असे समजून परत येऊ नये. सर्वाधिक टाळ्या घेणारा अग्निनृत्याचा भाग सामोआचा आहे. सुऱ्याचे नृत्य तिथले जुने. त्याला पेटती टोके १९४६ मध्ये फ्रेडी लेतुली या सामोअन कलाकाराने जोडली. ढोलांच्या जलद ठेक्यावर कंबर हलवण्याचे नृत्य ताहितीचे, आणि हाका हे आवेशाचे समूहनृत्य न्यूझीलंडच्या माओरींचे. ओल्ड लाहाईना लुआऊत अग्निनृत्य नसते, ते याच कारणाने. मुलांनी अग्निनृत्याचा हट्ट धरला असेल तर हे आधी लक्षात घ्या.

हुलाचेही दोन प्रकार. ‘काहिको’ हा जुना: मंत्रासारखे पठण, त्याला ‘ओली’ म्हणतात, आणि साथीला भोपळ्याचे ‘इपू’ किंवा शार्कच्या कातड्याने मढवलेला ‘पाहू’ ढोल. ‘आउआना’ हा नंतरचा: गिटार, युकुलेले आणि गोड चाली. १८३० मध्ये काआहुमानूने जाहीर हुलावर बंदी आणली होती. पुढे राजा कालाकाउआने (१८७४ ते १८९१) हुलाला पुन्हा दरबारी मान दिला. ज्या लुआऊत काहिकोला स्वतंत्र वेळ आहे, पठणाचा अर्थ सांगितला जातो आणि हुलागुरूचे, म्हणजे ‘कुमू हुला’चे, नाव माहितीत दिलेले आहे, तिथे निर्धास्त जावे. प्रसिद्धीच्या फोटोंत नारळाच्या करवंट्यांच्या चोळ्या आणि चमकत्या प्लास्टिकचे घागरेच दिसत असतील तर दुसरीकडे बघा. सुक्या गवताचा घागरासुद्धा मूळ हवाईचा नाही. तो गिल्बर्ट बेटांवरून आलेल्या मजुरांबरोबर आला. हवाईत झाडाच्या सालीपासून केलेले ‘कापा’ वस्त्र किंवा टी नावाच्या झाडाची हिरवी पाने वापरत.

इमू काय असतो? तो प्रत्येक लुआऊत असतो का?

नाही, आणि हा प्रश्न फोनवर स्पष्ट विचारलाच पाहिजे.

इमू म्हणजे जमिनीतली भट्टी. खड्ड्यात कियावे या बाभळीच्या नात्यातल्या झाडाचे लाकूड पेटवतात आणि त्यावर लाव्हाचे सच्छिद्र दगड रचतात. दगड सच्छिद्रच लागतात, कारण घट्ट किंवा पाणी धरलेला दगड तापला की तडकून उडतो. दोन-तीन तासांत दगड लालबुंद झाले की ते पसरून त्यावर केळीचे चेचलेले खांब आणि टी किंवा केळीची पाने घालतात. खांबातल्या पाण्याची वाफ होते आणि तीच अन्न शिजवते. मीठ चोळलेले अख्खे डुक्कर, त्याच्या पोटात तापलेले काही दगड, वर पुन्हा पाने, ओले गोणपाट, ताडपत्री आणि शेवटी माती. वाफ कुठून निसटते आहे हे पाहून तिथे आणखी माती लोटतात, कारण एका फटीनेही मांस अर्धे कच्चे राहू शकते. असे आठ-दहा तास गेले की मांस हाताने सुटते. हेच ‘कालुआ पिग’.

संध्याकाळी इमू उघडण्याचा विधी जेवणाच्या आधी, दरवाजे उघडल्यावर तासाभराच्या आत होतो. उशिरा पोहोचणाऱ्यांचा तोच चुकतो. हेही समजून घ्या की एका इमूतल्या डुकरात शेकडो पाहुण्यांचे जेवण होत नाही. बरेचसे मांस स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये शिजते. काही ठिकाणी इमूच नसतो आणि मांस तयार येते. म्हणून दोन प्रश्न विचारा: आजचे डुक्कर याच जागेवरच्या इमूत शिजणार आहे का, आणि विधी किती वाजता आहे? गडबडीचे उत्तर मिळाले तर इमू नाही असे समजा.

प्राण्याचे अख्खे शरीर बाहेर काढताना पाहणे घरातल्या कुणाला जड जाणार असेल, तर त्या दहा मिनिटांत लेई, म्हणजे गळ्यात घालायची फुलांची माळ, गुंफणे किंवा कापा छापण्याच्या कोपऱ्यात जाऊन बसावे. त्याचे कुणाला वाईट वाटत नाही.

आम्ही शाकाहारी आहोत. पैसे वाया जातील का?

जेवणापुरते बोलायचे तर काही प्रमाणात हो. तिकीट मांसाहारी जेवण धरून लावलेले असते आणि शाकाहारींना सूट बहुधा मिळत नाही. हुला आणि जागा यांसाठी पैसे देत आहोत असे मान्य असेल तरच जा.

खाता येण्याजोगे काय? पोईत फक्त अळूचे कंद आणि पाणी असते. हाउपिया ही नारळाच्या दुधाची वडी. दूध, साखर आणि कॉर्नस्टार्च एवढेच. जांभळी रताळी, साधा भात, फळे, सॅलड. अडचण आहे ती निरुपद्रवी दिसणाऱ्या पदार्थांची. ‘चिकन लाँग राइस’मधल्या पारदर्शक शेवया मुगाच्या असतात, पण शिजतात कोंबडीच्या रश्श्यात. ‘लोमी सामन’ टोमॅटो-कांद्याच्या कोशिंबिरीसारखे दिसते, त्यात खारवलेला कच्चा मासा असतो. मॅकरोनी सॅलडच्या मेयोनेजमध्ये अंडे, अळूच्या जांभळ्या पावांत बहुधा दूध-अंडी, आणि फ्राइड राइसमध्ये हॅमचे तुकडे. ‘लाउलाउ’ म्हणजे अळूच्या पानांत डुकराचे मांस आणि मासा गुंडाळून केलेली पुरचुंडी. टेबलावर नुसते ‘लुआऊ’ लिहिलेला हिरवा पदार्थ दिसेल: नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पाने. बघताच हात पुढे जाईल, पण त्यात कोंबडी किंवा स्क्विड असते. रताळी डुकरासोबत एकाच इमूत शिजवली आहेत का, हेही विचारा.

आरक्षण करतानाच लिहून कळवा आणि तीन दिवस आधी पुन्हा आठवण द्या. नुसते ‘व्हेजिटेरियन’ लिहू नका. मांस, मासे, कोंबडी, त्यांचा रस्सा आणि चालत नसेल तर अंडे, अशी यादी द्या. वेगळी थाळी बनवणारी ठिकाणे आहेत, पण ऐनवेळी सांगितले तर भात आणि सॅलडवरच भागवावे लागते. जैन जेवण मिळणे जवळपास अशक्य आहे, कारण इथले मुख्य अन्नच कंद. घरून जेवून जावे.

गोमांस टाळणाऱ्यांनी तेरियाकी स्टेक, शॉर्ट रिब्ज आणि ‘पिपिकाउला’ हे वाळवलेले मांस ओळखून ठेवावे. मासे आणि हुली हुली चिकन जवळपास सगळीकडे असते, त्यामुळे त्यांची पंचाईत होत नाही.

पोई आवडेल का? ती कशी खातात?

पोई एकटी चाखून नाक मुरडणारे पुष्कळ असतात, कारण ती तशी खायचीच नसते. अळूचे कंद चांगले उकडून, कुटून, पाणी घालून ती करतात. नीट शिजवले नाही तर अळूतल्या कॅल्शियम ऑक्झलेटने घसा खाजतो, हे आपल्या स्वयंपाकघरांना सांगायला नको. ताजी पोई किंचित गोडसर लागते, एक-दोन दिवस आंबली की आंबट होते, आणि अनेक हवाईयन लोकांना तशीच आवडते. खारट कालुआ पिगचा किंवा लोमी सामनचा घास, मग थोडी पोई, असे आलटून-पालटून खा.

तिला नावे ठेवू नका. हवाईयन परंपरेत मृत जन्मलेल्या हालोआ या बालकाला पुरले, तिथून अळू उगवला, आणि त्याच नावाचा धाकटा भाऊ माणसांचा पूर्वज झाला. अळू हा त्यांचा थोरला भाऊ. पोईचे भांडे उघडे असताना भांडू नये, अशी त्यांच्याकडे रीत आहे.

खर्च किती येतो?

मोठ्या माणसाला साधारण १५० ते २५० डॉलर, आणि पुढच्या रांगेची किंवा खास जागा घेतली तर त्याहून जास्त. मुलांचे तिकीट कमी आणि अगदी लहान मुले बहुधा मोफत, पण वयाची मर्यादा प्रत्येक ठिकाणी वेगळी. दिसणाऱ्या किमतीवर सुमारे पावणेपाच टक्क्यांपर्यंत राज्याचा कर लागतो. टीप तिकिटात धरली आहे का ते पावतीवर पाहा. नसेल तर १५ ते २० टक्के. गाडी लावण्याचे पैसे काही हॉटेलांत वेगळे पडतात. टाइमशेअरची, म्हणजे सुट्टीच्या घरातला वाटा विकण्याची, बैठक ऐकण्याच्या बदल्यात मिळणारे स्वस्त तिकीट घेऊ नका. सुट्टीतली एक अख्खी सकाळ त्यात जाते.

महाग जागा घ्यावी का?

आधी बैठकीचा नकाशा मागवा. सपाट हिरवळीवर लांब टेबले मांडलेली असतील तर मागच्या लोकांना समोरच्यांची डोकी दिसतात; तिथे पुढची जागा पैसे वसूल करते. पायऱ्यापायऱ्यांचे प्रेक्षागृह किंवा मधोमध रंगमंच असेल तर साधे तिकीट पुरते. ‘खास’ तिकिटात फक्त मोठी लेई आणि जास्तीचे पेय मिळत असेल तर सोडून द्या. ओल्ड लाहाईनात रंगमंचाजवळ जमिनीवर उशीवर बसण्याचीही सोय आहे. मांडी घालून तीन तास बसता येत असेल तर ती उत्तम, गुडघे दुखत असतील तर मुळीच नाही.

आरक्षण केव्हा करावे, आणि सहलीतल्या कोणत्या दिवसाचे?

डिसेंबरचा उत्तरार्ध, मार्चमधली सुट्टी आणि जून ते ऑगस्ट या काळासाठी दोन-तीन महिने आधी. एरवी तीन-चार आठवडे पुरतात. रोज कार्यक्रम नसतो, म्हणून वार तपासा.

पोहोचल्याच्या दिवशी लुआऊ ठेवू नका. हवाईची वेळ भारताच्या साडेपंधरा तास मागे आहे; भारतातून येणाऱ्याचे शरीर तिथल्या संध्याकाळपर्यंत रात्रभर जागलेले असते. न्यूयॉर्क-न्यू जर्सीहून येणाऱ्यांनाही रात्रीचे आठ म्हणजे घरचे एक-दोन वाजलेले असतात. मुले तर हुला सुरू होण्याआधीच झोपतात. शेवटची रात्रही नको, कारण पावसाने कार्यक्रम पुढे गेला तर हाती दिवस उरत नाही. दुसरा-तिसरा दिवस योग्य.

सुरुवात बहुधा पाच-साडेपाचला, शेवट साडेआठच्या आसपास. हिवाळ्यात सूर्यास्त सहाच्या सुमारास आणि उन्हाळ्यात सव्वासातच्या सुमारास होतो, त्यामुळे वेळा ऋतूप्रमाणे बदलतात. जुन्या तिकिटावरची वेळ धरून निघू नका.

पाऊस आला तर?

हलक्या सरींत कार्यक्रम थांबत नाही. जोराचा पाऊस आला तर काही ठिकाणी छताखाली नेतात, काही ठिकाणी रद्द करतात. पैसे परत, दुसरी तारीख की काहीच नाही, हे तिकिटाच्या अटींत लिहिलेले असते. बेटांच्या ईशान्येकडच्या बाजूला पाऊस जास्त, पश्चिम आणि दक्षिण किनारे कोरडे. नोव्हेंबर ते मार्चमध्ये ईशान्येकडचे उघड्यावरचे ठिकाण टाळलेले बरे.

मद्य घ्यावेच लागते का?

नाही. पण अनेक तिकिटांत माई ताई वगैरे पेये धरलेली असतात, तेव्हा न पिणाऱ्यांनी बिनमद्याचे स्वस्त तिकीट आहे का ते विचारावे. पिणाऱ्यांचे वय २१ पूर्ण हवे आणि ओळखपत्र दाखवावे लागते. पासपोर्ट हॉटेलात राहिला की पांढऱ्या केसांच्या माणसालाही नाही म्हणू शकतात.

कपडे कसे घालावेत? लेईचे काय करावे?

सुती, सैल कपडे. समुद्रकाठी रात्री वारा सुटतो म्हणून एक पातळ शाल किंवा जाकीट. हिरवळीत आणि वाळूत टाचांचे बूट रुततात. डासांसाठी मलम न्या, बागेतल्या लुआऊत ते लागतेच.

लेई घालताना मान पुढे करून स्वीकारा आणि देणाऱ्यासमोर काढू नका. फुलांची ॲलर्जी असेल तर तसे नम्रपणे सांगा. गरोदर बाईला बंद लेई देत नाहीत. टोके मोकळी असलेली मागा. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर जाताना बहुतेक फुलांची लेई कृषी तपासणीनंतर नेता येते, पण लिंबूवर्गीय झाडांची फुले-पाने असलेली लेई नेता येत नाही. नेणार नसाल तर कचऱ्यात टाकू नका. दोरा काढून फुले झाडाखाली ठेवा.

फोटो काढता येतात का?

बहुतेक ठिकाणी हो, फ्लॅशशिवाय. अग्निनृत्याच्या वेळी फ्लॅश मुळीच नको. हातात पेटता सुरा असलेल्या माणसाचे डोळे दिपले तर भाजण्याचा धोका त्याला आहे. ओली चालू असताना बोलू नका आणि रंगमंचावर बोलावले तर हुलाची नक्कल करून हसू नका. त्यांच्यासाठी त्यात देव आणि पूर्वज आहेत.

लुआऊ परवडत नसेल किंवा तिकिटे संपली असतील तर?

अन्न आणि नृत्य वेगळे करा. होनोलुलूतले ‘हेलेनाज हवाईयन फूड’ १९४६ पासून चालू आहे आणि त्याला २००० साली जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला. कालुआ पिग, पिपिकाउला, पोई आणि हाउपिया मिळून लुआऊच्या तिकिटाच्या लहानशा भागात जेवण होते. लवकर जा, रांग लागते. हुला वाईकीकीतल्या कुहिओ बीचवर विनामूल्य पाहता येते, फक्त त्या आठवड्याचे वार तपासा. शाळा, चर्च आणि हालाऊ निधी जमवण्यासाठी लुआऊ करतात. त्यांच्या जाहिराती स्थानिक किराणा दुकानांच्या फलकांवर लागतात. आणि ईस्टरनंतरच्या आठवड्यात बिग आयलंडवर असाल तर हिलोतल्या मेरी मोनार्क महोत्सवाची चौकशी करा. तिथली हुला स्पर्धा १९७१ पासून होते. स्पर्धेची तिकिटे मिळणे कठीण असते, पण मिरवणूक आणि बुधवारचा हुलाचा कार्यक्रम सगळ्यांना खुला असतो. त्या आठवड्यातली हिलोतली हॉटेले मात्र कित्येक महिने आधीच भरतात, म्हणून आधी खोली आणि मग विमानाचे तिकीट.